गादी रिकामी होते तेव्हा

प्रयोगशाळेतल्या टाकीवर अजून दिवे लागलेले नाहीत. संशोधक अंधारात दिसणारा चष्मा चढवून पाण्यात जाळी घालतो आणि टाकीवर हुकमत गाजवणारा नर अलगद उचलून बाहेर काढतो. उरलेल्या माशांना यातलं काही दिसत नाही. ठरल्या वेळी दिवे लागतात. इतके दिवस माद्यांच्या घोळक्यात अंग चोरून राहिलेला दुसरा नर टाकीत फिरून पाहतो, आणि काही मिनिटांत त्याच्या फिकट करड्या अंगावर रंग चढू लागतो. डोळ्यापासून जबड्यापर्यंत काळी रेघ उमटते. तो शेजाऱ्यांवर धावून जातो, माद्यांपुढे अंग थरथरवतो. आदल्या संध्याकाळपर्यंत यातलं काहीही त्याने केलेलं नसतं.

सॅब्रिना बर्मिस्टर, एरिक जार्विस आणि रसेल फर्नाल्ड यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला हा प्रयोग. त्यांनी अशा नरांचे मेंदू तपासले तेव्हा मेंदूच्या तळाशी असलेल्या प्रीऑप्टिक भागात ईजीआर-१ या जनुकाची सक्रियता जवळपास दुप्पट झालेली आढळली. पण माझ्या मते या प्रयोगाचा खरा गाभा दुसऱ्या निरीक्षणात आहे. बऱ्याच काळापासून वरचढ असलेले नरही तसेच धावून जातात, तसेच रंग दाखवतात. त्यांच्या मेंदूत मात्र ही वाढ नव्हती. दबलेल्या नरांतही नव्हती. म्हणजे ते जनुक आक्रमकपणामुळे जागं झालं नव्हतं. वरची जागा रिकामी आहे हे त्या माशाला उमगलं, आणि ते उमगणं जनुकापर्यंत पोचलं.

माशांमधलं वर्चस्व आणि मेंदूतली जनुकं यांचा संबंध गेली तीस-पस्तीस वर्षं तपासला जातो आहे. ‘वर्चस्वाचं जनुक’ सापडेल अशी आशा बाळगून या विषयाकडे वळणाऱ्याची निराशा होईल. मला तर वाटतं, ती आशा जितकी लवकर सुटेल तितका हा विषय अधिक कळतो.

आधी त्या माशाची ओळख. शास्त्रीय नाव अ‍ॅस्टाटोटिलापिया बर्टोनी. मुक्काम आफ्रिकेतलं टांगानिका सरोवर आणि त्याला मिळणारे प्रवाह. लांबी साधारण बोटभर. नावातला बर्टन म्हणजे रिचर्ड बर्टन, १८५८ मध्ये या सरोवराच्या काठी पोचलेला इंग्रज प्रवासी. तो त्याआधी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत होता आणि गोव्यावरचं त्याचं पुस्तक १८५१ सालचं आहे. माशाचं कूळ सिक्लिड. आपल्याकडे कोकण-गोव्याच्या खाड्यांतला काळुंदर याच कुळातला, आणि धरणांच्या पाण्यात पसरलेली चिलापी, म्हणजे १९५२ मध्ये भारतात आणलेली आफ्रिकी तिलापिया, हीदेखील त्यातलीच.

सरोवराच्या उथळ काठावर हे नर दोन प्रकारचे दिसतात. मोजकेच वरचढ: निळ्या किंवा पिवळ्या झळाळीचे, कल्ल्यांमागे तांबूस डाग, गुदपरावर अंड्यांसारखे ठिपके. त्यांच्या ताब्यात तळाचा एक तुकडा असतो. तिथे ते वाळूत खड्डा खणतात आणि माद्यांना बोलावतात. बाकीचे बहुसंख्य नर माद्यांसारखेच फिकट, आणि वृषणं आक्रसलेली. मादी अंडी घालते, लगेच तोंडात घेते, आणि साधारण दोन आठवडे पिलं तोंडातच वाढवते. या काळात ती जवळजवळ उपाशी असते. नराचे चकाकते रंग पक्ष्यांनाही दिसतात, त्यामुळे जागा वारंवार रिकाम्या होतात. दबलेल्या नराचं सगळं आयुष्य म्हणजे अशा रिकाम्या जागेवर नजर ठेवणं.

फर्नाल्ड यांनी सत्तरच्या दशकात या माशाचा सरोवरात जाऊन अभ्यास केला, मग अमेरिकेत, पुढे स्टॅनफर्डला, त्याच्याभोवती आख्खी प्रयोगशाळा उभी केली. १९९० मध्ये डेव्हिस आणि फर्नाल्ड यांनी दाखवलं की प्रीऑप्टिक भागातल्या ठरावीक चेतापेशी वरचढ नरांत आकारमानाने सुमारे आठपट मोठ्या असतात. या पेशी जीएनआरएच नावाचं संप्रेरक बनवतात. ते पीयूषिका ग्रंथीला हुकूम देतं, पीयूषिका वृषणांना, आणि वृषणांतून शुक्राणू व पुरुषी संप्रेरकं तयार होतात. पाठीचा कणा असलेल्या सगळ्याच प्राण्यांत, माणसातही, वयात येण्याची किल्ली हीच. १९९३ मध्ये फ्रान्सिस, सोमा आणि फर्नाल्ड यांनी नरांची जागा मुद्दाम बदलून पाहिलं. खालच्याला वर चढवलं तर या पेशी फुगतात, वरच्याला खाली उतरवलं तर त्या आक्रसतात. मेंदूतल्या पेशीचा आकार शेजारी कोण आहे यावर ठरतो, हे त्या काळी पचायला सोपं नव्हतं. प्रौढ मेंदू घडून झालेला असतो आणि वर्तन त्यातून निघतं, असंच बहुतेकांनी गृहीत धरलं होतं.

व्हाइट, न्गुयेन आणि फर्नाल्ड यांच्या २००२ च्या अभ्यासात एक बारकावा आहे, आणि मला तो या सगळ्या साहित्यातला फार बोलका वाटतो. वर चढणाऱ्या नराचं शरीर लवकर बदलतं, उतरणाऱ्याचं सावकाश. वागण्याचं नेमकं उलट. चढणाऱ्याचा आक्रमकपणा मिनिटांत सुरू झाला तरी पूर्ण भरात हळूहळूच येतो, उतरणाऱ्याचा मात्र झटकन नाहीसा होतो. याचा अर्थ मला असा लागतो: हरल्यावरही तोरा मिरवला तर मार बसतो, म्हणून वागणं लगेच आवरावं लागतं. पण वृषणं आणि चेतापेशी तशाच ठेवल्या तर नुकसान फारसं नाही, उद्या पुन्हा जागा मिळालीच तर तयारी असलेली बरी. चढताना मात्र शरीराला घाई हवी, कारण किती दिवसांची सत्ता आहे ते माहीत नाही.

आता जनुकाची सक्रियता म्हणजे काय ते स्पष्ट करायला हवं, कारण इथेच गैरसमज होतात. माशाच्या प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात आणि ती नर दबलेला असो वा वरचढ, तीच राहतात. बदलतं ते इतकंच की कोणतं जनुक किती वाचलं जातं, त्याच्या आरएनए प्रती किती निघतात. संशोधक मेंदू गोठवून त्याचे केसाहून पातळ काप काढतात आणि हव्या त्या आरएनएला चिकटणारा खुणेचा रेणू त्यावर सोडतात. जिथे खूण दाट, तिथे जनुक सक्रिय. ईजीआर-१ हे पेशीला धक्का बसताच काही मिनिटांत जागं होणाऱ्या जनुकांपैकी आहे, आणि त्यापासून बनणारं प्रथिन पुढची जनुकं चालू-बंद करतं. या पद्धतीची मर्यादाही उघड आहे. मेंदू काढला की मासा संपला. त्यामुळे एकाच नराचं ‘आधी’ आणि ‘नंतर’ कधीच मिळत नाही. दबलेल्यांचा एक गट, चढणाऱ्यांचा दुसरा, वरचढांचा तिसरा, आणि त्यांच्या सरासरीतून गोष्ट जुळवायची.

कॅरन मारुस्का आणि फर्नाल्ड यांनी ही गोष्ट पुढे नेली. संधी मिळाल्यापासून अर्ध्या तासात रक्तातली लैंगिक संप्रेरकं वाढलेली होती आणि पीयूषिकेतली संबंधित जनुकंही जास्त वाचली जात होती. काही दिवसांत वृषणं भरून येतात. शिवाय प्रतिसाद प्रीऑप्टिक भागापुरता नाही. सामाजिक वागण्याशी जोडलेल्या मेंदूतल्या अनेक केंद्रांत ही झटपट जागी होणारी जनुकं सरसावतात, आणि खाली उतरणाऱ्या नरांत त्यांचा नकाशा वेगळा असतो. उतरणं म्हणजे चढण्याची नुसती उलटी फीत नव्हे.

मग प्रश्न येतो, माशाला नेमकं काय ‘कळतं’? लोगन ग्रोसेनिक, ट्रिशिया क्लेमंट आणि फर्नाल्ड यांनी २००७ मध्ये एका नराला काचेआडून शेजाऱ्यांच्या झुंजी पाहू दिल्या. पहिल्याने दुसऱ्याला हरवलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, तिसऱ्याने चौथ्याला, चौथ्याने पाचव्याला. मग त्याच्यासमोर दुसरा आणि चौथा ठेवले. या दोघांची झुंज त्याने पाहिलीच नव्हती, आणि दोघांच्या खात्यात एकेक विजय, एकेक पराभव. प्रेक्षक नर चौथ्याकडे, म्हणजे दुबळ्याकडे सरकला. नुसतं पाहून त्याने उतरंड मांडली होती. लहान मुलांना हे साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी जमू लागतं.

पाहण्याचा परिणाम माद्यांवरही होतो. ज्युली डेजार्डिन्स आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अंड्यांवर आलेल्या मादीला दोन नरांतून एक निवडू दिला आणि मग त्या दोघांची झुंज दाखवली. तिने निवडलेला नर जिंकला तर प्रजननाशी संबंधित केंद्रांत जनुकं सक्रिय झाली. तो हरला तर ताण आणि चिंतेशी संबंधित केंद्रात. मादीने स्वतः काहीच केलं नव्हतं. तिच्यापुढे बदलली ती फक्त बातमी.

आरशाच्या प्रयोगांत मात्र दोन निष्कर्ष समोरासमोर उभे राहतात, आणि वाचकाने इथे सावध व्हावं. नर स्वतःच्या प्रतिमेशी खऱ्या शत्रूइतक्याच त्वेषाने भांडतो. डेजार्डिन्स आणि फर्नाल्ड यांना सिक्लिडमध्ये दिसलं की वागणं सारखंच असलं, तरी आरशाशी भांडणाऱ्याच्या मेंदूत, आपल्या मेंदूतल्या अमिग्डाला या भावनांशी जोडलेल्या केंद्राशी ज्याची तुलना होते त्या भागात, जनुकं जास्त सक्रिय होती. प्रतिस्पर्धी प्रत्येक हालचालीची नक्कल करतो आणि हारही मानत नाही, हे काहीतरी विचित्र आहे याची नोंद कुठेतरी होत होती. पोर्तुगालमध्ये रुई ऑलिव्हेरा आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये झेब्रा माशावर हाच विचार वेगळ्या रीतीने तपासला. हा मासा मूळचा आपल्याच उपखंडातल्या ओढ्यानाल्यांतला आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत. त्यांनी जिंकलेल्या, हरलेल्या आणि आरशाशी भांडलेल्या माशांच्या अख्ख्या मेंदूतल्या जनुकांची मोजदाद केली. जिंकलेल्यांत आणि हरलेल्यांत मोठे बदल होते, आरशाशी भांडलेल्यांत जवळजवळ नाहीत. भांडण तेवढंच जोरात झालं होतं, पण निकाल लागला नव्हता.

एकीकडे आरशाने मेंदू जास्त हलतो, दुसरीकडे हलतच नाही. मला यात विरोध दिसत नाही. एका गटाने चिमूटभर भागातली दोन-चार जनुकं पाहिली, दुसऱ्याने सगळा मेंदू एकत्र करून हजारो. एखाद्या केंद्रातली खळबळ सगळ्या मेंदूच्या सरासरीत बुडून जाते. या क्षेत्रातले निम्मे वाद मोजण्याच्या जागेवरून होतात. म्हणूनच ‘मेंदूतल्या अमुक इतक्या जनुकांत फरक’ असा मथळा दिसला, की मी आधी पाहतो मेंदूचा कोणता तुकडा घेतला होता.

वर्चस्व आणि टेस्टोस्टेरॉन ही जोडी आपण सगळे गृहीत धरतो. माशांनी ती गाठही सैल केली आहे. मेंदूत अरोमाटेज नावाचं विकर आहे, ते टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर एस्ट्रोजेनमध्ये करतं. २०१३ मध्ये हफमन, ओकॉनेल आणि हान्स हॉफमन यांनी वरचढ नरांत हे विकर औषधाने अडवलं. टेस्टोस्टेरॉन वाढलं, एस्ट्रोजेन घटलं, आणि नर कमी आक्रमक झाले. ज्या संप्रेरकावर आपण सगळं खापर फोडतो ते वाढलेलं असताना.

त्याहून मोठी गाठ २०२० मध्ये सुटली. माशांच्या पूर्वजांत कधीकाळी सगळा जनुकसंच दुप्पट झाला, त्यामुळे या सिक्लिडकडे पुरुषी संप्रेरकांचे संदेश घेणारी ग्राहक जनुकं दोन आहेत, अल्फा आणि बीटा. बो आल्वर्ड, फर्नाल्ड आणि सहकाऱ्यांनी जनुकात नेमका बदल करणाऱ्या क्रिस्पर तंत्राने ती वेगवेगळी निकामी केली. बीटा गेलं तर वृषणं वाढत नाहीत आणि रंग चढत नाही, पण तो फिकट नर वरचढासारखाच वागतो. अल्फा गेलं तर उलट: रंग झळाळता, वृषणं भरलेली, पण माद्यांपुढचा नाच नाही, प्रतिस्पर्ध्यापुढचं फुगणं नाही. दुसऱ्या नरावर हल्ला करायला मात्र दोहोंपैकी कोणतंही एक पुरतं. वर्चस्व ही एकच वस्तू नाही, वेगवेगळ्या काटक्यांची मोळी आहे, आणि निसर्गात त्या सहसा एकत्र दिसतात म्हणून आपण मोळीलाच एक नाव दिलं. मला हा या सगळ्या संशोधनातला सर्वांत भक्कम निष्कर्ष वाटतो, कारण तो नुसती सोबत दाखवत नाही. एक गोष्ट काढली की नेमकी कोणती दुसरी जाते ते दाखवतो.

याउलट डीएनएवरच्या रासायनिक खुणांचं, मिथायलेशनचं काम मी अजून हातचं राखून वाचतो. २०१५ मध्ये फर्नाल्ड यांच्याच प्रयोगशाळेने तोडीस तोड नर घेऊन मिथायलेशन वाढवणारं किंवा अडवणारं रसायन टोचलं. वाढलेलं मिथायलेशन असलेले नर वर चढण्याची शक्यता जास्त, अडवलेल्यांची फार कमी. निकाल लक्षवेधी आहे. पण असं रसायन एकाच जनुकावर काम करत नाही. कोणत्या पेशीतल्या कोणत्या खुणेने पारडं फिरलं, हे त्यातून कळत नाही.

सत्तेची किंमतही जनुकांत दिसते. हॉफमन, बेन्सन आणि फर्नाल्ड यांनी १९९९ मध्ये वाढीचा वेग मोजला. दबलेले आणि वर चढणारे नर भराभर वाढतात, तर गादीवर बसलेल्यांची आणि उतरणाऱ्यांची वाढ मंदावते, काही वेळा ते चक्क आक्रसतात. वाढ रोखणारं सोमॅटोस्टॅटिन बनवणाऱ्या प्रीऑप्टिक भागातल्या चेतापेशीही त्यानुसार लहानमोठ्या होतात. सीमा राखणं, पाठलाग, प्रणय यात खाण्याला वेळ उरत नाही. आज दबलेला नर म्हणूनच उद्याचा दांडगा प्रतिस्पर्धी असतो.

आणि वरचढ म्हणजे पुढारी, हे समीकरणही टिकलं नाही. २०२० मध्ये मारियाना रॉड्रिग्ज-सांतियागो, हॉफमन, अ‍ॅलेक्स जॉर्डन आणि सहकाऱ्यांनी काही नरांना दिव्याचा ठरावीक रंग म्हणजे खाणं हे शिकवलं आणि अडाणी गटात सोडलं. रोजच्या हालचालीत वरचढ नराचा प्रभाव मोठा. तो धावला की सगळे हलतात. पण शिकलेला नर दबलेला असेल तर गट लवकर शिकला. वरचढ अंगावर आला की बाकीचे पळतात, त्याच्या मागे जात नाहीत.

आतापर्यंतची बहुतेक चर्चा नरांची झाली, आणि हा या क्षेत्राचाच दोष आहे. नराचे रंग आणि झुंजी डोळ्यांत भरतात, म्हणून पैसा आणि प्रयोग तिकडे गेले. माद्यांत आणि लिंग बदलणाऱ्या माशांत मात्र प्रश्न आणखी खोल जातो. ग्रेट बॅरियर रीफवरच्या स्वच्छक माशांत नर मेला की सर्वांत वरची मादी नर होते, हे रॉस रॉबर्टसन यांनी १९७२ मध्ये मांडलं. कॅरिबियनमधल्या निळ्या डोक्याच्या रॅस माशातही मोठी मादी नर गेल्यावर काही तासांत नरासारखी वागू लागते आणि आठ-दहा दिवसांत शुक्राणू देते. जॉन गॉडविन, डेव्हिड क्रूज आणि रॉबर्ट वॉर्नर यांनी १९९६ मध्ये अशा माद्यांच्या बीजग्रंथी आधीच काढून टाकल्या, तरीही त्या नरासारखं वागू लागल्या. क्लाउन माशांत दिशा उलटी, तिथे सत्ता मादीची असते. ती गेली की तिचा नर मादी होतो, आणि २०१९ मधल्या एका अभ्यासात त्याचा मेंदू बीजग्रंथींच्या कितीतरी आधी मादीसारखा झालेला दिसला. सत्ता आधी, मेंदू पाठोपाठ, शरीर शेवटी: वेगवेगळ्या समुद्रांतल्या माशांत हाच क्रम पुन्हा दिसतो.

टांगानिकातल्याच निओलॅम्प्रोलोगस पल्चर या माशाच्या कुटुंबात एक वरचढ जोडी आणि तिचे मदतनीस असतात. नादिया ओबँ-होर्थ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये तिथल्या वरचढ माद्यांचा मेंदू तपासला. त्यात सामाजिक वागण्यावर परिणाम करणाऱ्या व्हॅसोटोसिन या रेणूचं जनुक जास्त सक्रिय होतं, आणि रक्तात टेस्टोस्टेरॉन जास्त. तरी त्या अंडी घालतच होत्या. वर्चस्व नरपणाला चिकटलेलं नाही, याचा याहून सरळ पुरावा मला माहीत नाही.

हे सगळं माशांपुरतंच आहे का? लॉरेन ओकॉनेल आणि हॉफमन यांनी २०१२ मध्ये पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या ८८ जातींची तुलना केली. सामाजिक निर्णयांशी जोडलेले मेंदूचे १२ भाग आणि दहा रासायनिक संदेशांची जनुकं. कोट्यवधी वर्षांत तो नकाशा फारसा हललेला नव्हता. जपानमध्ये हितोशी ओकामोतो यांच्या गटाने झेब्रा माशाच्या मेंदूतल्या हॅबेन्युला या भागाचे दोन उपभाग वेगवेगळे बंद केले. एक बंद केला तर मासा बहुधा हरला, दुसरा बंद केला तर जिंकला. हॅबेन्युला आपल्यालाही आहे. पण भाग तोच म्हणून कामही तेच, अशी उडी मारायला मी तयार नाही. माणसाच्या समाजात उतरंड जात, पैसा, कायदा आणि जमीन यांतून बांधली जाते, आणि ते बंधन एका पहाटे जाळीने उचलून बाजूला करता येत नाही.

आता काम हवं आहे ते दोन ठिकाणी. एक, पेशी-पेशीचं वाचन. प्रीऑप्टिक भागात डझनभर प्रकारच्या पेशी एकमेकींत मिसळलेल्या असतात, आणि प्रत्येकीतलं जनुक वेगळं मोजण्याची तंत्रं आता हाताशी आली आहेत. दुसरं, पुन्हा सरोवर. आपलं जवळजवळ सगळं ज्ञान काचेच्या टाकीत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या माशांवरून आलेलं आहे. तिथे ना पक्षी, ना लाटा, ना पळायला खोल पाणी, आणि हरलेल्या नराला विजेत्यापासून काही हातांपलीकडे जाताही येत नाही. बुरुंडीच्या काठावर, जिथे दबलेला नर शेजारच्या खडकाआड नवी जागा शोधू शकतो, तिथेही त्याच्या जीएनआरएच पेशी इतक्याच आक्रसतात का, हे मोजून पाहायला हवं.